चालकाचं वजन

चिझुरूने गाडी पिटमध्ये आणून उभी केली तेव्हा उजव्या पुढच्या टायरमधून धूर येत होता. रबर एका जागी घासून तळहाताएवढं सपाट झालं होतं.

पहिल्या वळणाला ब्रेक दाबला की हेच चाक आधी जाम होतंय, दर फेरीला, असं तिने हेल्मेट काढता काढता सांगितलं. फेरीला वेळ लागली होती एक मिनिट आणि सहा दशांश सेकंद. त्सुकुबाच्या ट्रॅकवर मिनिटाच्या आत यायला ती तीन वर्षं झगडत होती. इंजिनाला भरभरून श्वास घेता येईल अशी कोरडी थंडी फेब्रुवारीत चार-पाच दिवस पडते. ट्रॅकवरची मोसमातली शेवटची वीस मिनिटं अर्ध्या तासाने सुरू व्हायची होती.

गाडी तिची, लग्नाच्या आधीची. गेल्या आठवड्यात ती कामावर होती म्हणून नवऱ्याने, कात्सुनोरीने, सेटिंगसाठी कुझुमीच्या गॅरेजमध्ये नेऊन दिली होती. कुझुमीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. चार चाकांखाली चार वजनकाटे, आणि चालक सीटवर बसलेला. चालक नसेल तर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. मग एकेका स्प्रिंगची रिंग केसभर फिरवत तो चारी कोपऱ्यांवरचा भार जुळवतो. हेल्मेट-बुटांसकट चौपन्न किलो, पिशव्या ठेवायला सांग, असं तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं.

कुझुमी आज आला होता. तिने त्याच्याकडून सेटिंगचा कागद मागून घेतला. चालकाच्या रकान्यात लिहिलं होतं, ८४.६. सीट उजवीकडे; तिथे तीस किलो कमी बसले की उजवं पुढचं चाक हलकं पडतं आणि आधी जाम होतं.

तिला आधी हसूच आलं. "कुझुमी-सान, एवढी मी कुठून आणलीत?"

कुझुमी हसला नाही. टोपी काढून कमरेत वाकला आणि तसाच राहिला. चूक माझी, म्हणाला.

आमच्याकडे दुसऱ्याची चूक अंगावर घेण्याला सभ्यपणा म्हणतात. कुणाची घेतोय आणि कुणाच्या जिवावर, ते कुणी विचारत नाही. हा माणूस नट बदलला तरी जुना आणि नवा दोन्ही काट्यावर ठेवून बघतो. तो अंदाजाने आकडा लिहील? आणि लिहिलाच तर पुढे पॉइंट सहा लावील? पॉइंट सहा म्हणजे कुणीतरी हेल्मेट घालून सीटवर बसलं होतं.

चिझुरूने नवऱ्याकडे पाहिलं. तो टायरकडे बघत होता.

"तू बसलास?"

"त्यांनी माफी मागितली ना? मग कशाला ताणतेस?"

"तू बसलास का?"

मग त्याने सांगितलं, आणि असं सांगितलं, जणू तिचंच काही काम हलकं केलं होतं. पुढच्या वर्षी गाडी तोच चालवणार. मग एकाच गाडीचं सेटिंग दोनदा कशाला करायचं? तिलाही आता चव्वेचाळीसावं वर्ष लागेल. "आजची तुझी खेप शेवटचीच होती की. बोललो होतो आपण."

"कुणाशी? कुझुमी-सानशी बोलला असशील."

कुझुमी अजून वाकलेलाच होता.

तिने वाद घातला नाही, तेवढा वेळच नव्हता. रिंगा फिरवून द्या, असं तिने कुझुमीला सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. इथली जमीन सपाट नाही, काटे गॅरेजमध्ये आहेत, आणि मोजल्याशिवाय मी स्प्रिंगला हात लावत नाही, म्हणाला. चुकीच्या माणसाच्या वजनावर बाईला दीडशेच्या वेगाने वळणावर पाठवेल, पण मोजल्याशिवाय हात लावणार नाही. तत्त्वाचा माणूस.

तिने स्वतःच जॅक लावला. डांबरावर गुडघे टेकून उजव्या पुढच्या स्प्रिंगची रिंग अंदाजाने दीड फेरा वर घेतली, मागे डावीकडची पाऊण. दुसरा टायर नव्हता, तोच ठेवावा लागला. सगळे बघतायत, असं कात्सुनोरी दोनदा हळू आवाजात म्हणाला. त्याने पाना तेवढा धरला नाही.

वीस मिनिटांत तिने सात फेऱ्या मारल्या. चाक आता जाम होत नव्हतं, पण सपाट झालेला टायर सरळ पट्ट्यात स्टीअरिंग थरथरवत होता. सगळ्यात चांगली फेरी पाचवी. एक मिनिट आणि आठ शतांश सेकंद.

ती परत आली, इंजिन बंद केलं. शेजारच्या पिटमधली दोघं-तिघं हळहळायला आली, ती कात्सुनोरीकडे. थोडक्यात गेलं हो, असं त्याला म्हणाली. त्याने त्यांचे आभार मानले आणि खिडकीशी येऊन ओणवा झाला.

"बघ, सेटिंगचं काही नव्हतंच. उतर आता, थकलीस. घरापर्यंत मी चालवतो."

चिझुरूने पट्टे सोडले नाहीत. चारही पट्टे छातीवर तसेच आवळलेले होते. तिने त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत हाक मारली.

"कुझुमी-सान, मी इथून सरळ तुमच्या गॅरेजमध्ये येतेय. काटे मांडून ठेवा. आज मला बसवून मोजायचं."

कुझुमीने तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारायला म्हणून कात्सुनोरीकडे बघितलं.