कुंपणापलीकडचा चेंडू

हॅगथॉर्पच्या बचावपटूने चेंडू असा उडवला, की तो कुंपणावरून, ओढ्यावरून आणि बहुधा एका ढगावरूनही जाऊन मेंढ्यांच्या कुरणात पडला. सामना संपत आला होता आणि गोल अजून एकही झाला नव्हता.

"गेला!" फाटकावर तिकिटं देणारा क्लिफर्ड म्हणाला. "आता मेंढ्याच खेळतील. आमच्या पोरांपेक्षा बऱ्या खेळतील."

या दर्जाच्या फुटबॉलमध्ये रिवाज साधा आहे. चेंडू ज्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून गेला, त्याने तो आणायचा. इथे आघाडीचा खेळाडू आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करतो, गोलरक्षक शाळेत भूगोल शिकवतो आणि प्रेक्षकांत माणसांपेक्षा कुत्री जास्त. चेंडू आणायला वेगळा माणूस कुठून ठेवणार? आणि आजचा चेंडू गेला होता ऑब्री पिकर्सगिलच्या डोक्यावरून.

"तू नको जाऊस," त्याची बायको नोरीन म्हणाली. "तुला कुंपण तरी दिसतंय का?"

"चेंडू नाही तर खेळ नाही, नोरीन. आणि खेळ नाही तर गोल नाही." एवढं बोलून म्हातारा कुंपणाच्या भगदाडात शिरलासुद्धा.

गोल त्याला हवाच होता. ऑब्री हा मैदानं गोळा करणाऱ्यांपैकी. दर शनिवारी नवं गाव, नवं मैदान. या लोकांचा नियम कडक: तिथला एक तरी गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तरच ते मैदान आपलं. ऑब्री त्यांच्यातही कर्मठ. एकदा कॉर्नवॉलमध्ये गोल झाला आणि नेमकी त्याच क्षणी याला शिंक आली. पुढच्या हंगामात हा बाबा पुन्हा अख्खा देश ओलांडून तिथे गेला आणि संपूर्ण सामना नाकाला कपड्यांचा चिमटा लावून बसला. तो चिमटा पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

या लीगमधलं हे एकच मैदान त्याचं व्हायचं राहिलं होतं. आज हंगामाचा शेवटचा सामना होता, आणि पुढच्या हंगामापर्यंत डोळे टिकणार नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आज गाडी नोरीनने चालवली. लग्न झाल्यापासून ती प्रत्येक मैदानाबाहेर गाडीतच विणत बसलेली. आज पायऱ्या त्याला दिसेनात, म्हणून ती विणकामासकट पहिल्यांदा आत आली होती.

कुरणात ऑब्रीला काहीतरी पांढरं, गोल दिसलं. त्याने ते उचललं, तर ते ओरडून लाथा झाडायला लागलं. एप्रिल म्हणजे कोकरांचे दिवस. दुसऱ्यांदा उचललं ते त्या कोकराचं भावंड निघालं. मग आई आली, आणि ती काही फुटबॉलची शौकीन नव्हती. तिला चुकवता चुकवता तो पालथा पडला तो थेट चेंडूवर. तेवढ्यात कुंपणापलीकडे माणसं ओरडली आणि सगळी कुत्री एकदम भुंकली.

हॅगथॉर्पकडे दुसरा चेंडू आहे, ही बातमी खुद्द हॅगथॉर्पलाही नवी होती.

ऑब्री बगलेत चेंडू धरून परत आला तेव्हा खेळाडू एकमेकांच्या अंगावर चढले होते. क्लिफर्डही नाचत होता. ऑब्री दिसल्यावर तो थांबला.

"झाला?" ऑब्रीने विचारलं.

"झाला," नोरीन म्हणाली.

"अरे, पाहिला म्हणून धर की!" क्लिफर्ड म्हणाला. "कुंपणाच्या पलीकडेच तर होतास. मी कुणाला सांगत नाही. कुत्र्यांनाही ताकीद देतो."

"मी मेंढ्या पाहिल्या," ऑब्री म्हणाला. "गोल नाही."

फाटक उघडायचंय असं पुटपुटत क्लिफर्ड निघून गेला.

"मी पाहिला," नोरीन हळूच म्हणाली. दुसऱ्याच्या ताटातलं खाल्ल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"पूर्ण?"

"पूर्ण. तो टकला प्लंबर आहे ना, त्याच्या गुडघ्याला लागला चेंडू. त्याला मारायचा नव्हताच रे, तो बिचारा वाटेतून बाजूला होत होता. भूगोलाचे मास्तर पडले उजवीकडे, आणि चेंडू डावीकडून सावकाश आत गेला. पाय पुसून घरात येणाऱ्या पाहुण्यासारखा."

"मास्तर हॅगथॉर्पचे नाहीत?"

"समोरच्यांचे. आणि मग मी ओरडले."

"तू?"

"सुया पडल्या माझ्या चिखलात."

ऑब्रीने चेंडू कठड्यापाशी गवतात ठेवला. "मग हे मैदान तुझं, नोरीन. पहिलंच."

"मला नको तुझं ते खूळ."

"नको म्हणून कसं चालेल? पाहिलास ना?"

शेवटची शिट्टी झाली. माणसं आणि कुत्री पबच्या दिशेने पांगली. कुणीतरी कोपऱ्यातले झेंडे उपटून नेले. दोघं कठड्याला टेकून तिथेच उभी राहिली.

ऑब्रीने चष्मा काढला, रुमालाने पुसला, आणि परत न लावता घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "मधल्या रेषेपासून. घाई करू नकोस."

नोरीन रिकाम्या मैदानाकडे तोंड करून नीट उभी राहिली.

"तो बघ," ती म्हणाली. "आला."