कडीचा अर्ज

धाकट्याने वरच्या मजल्यावर नवी खिडकी बसवायला घेतली, तसा थोरल्याने वकील गाठून कोर्टातून 'जैसे थे'चा हुकूम आणला. वाटणीचा निकाल लागेपर्यंत घरातला खिळासुद्धा कुणी हलवायचा नाही! थोरला महिनाभर छाती फुगवून हिंडला.

मग दोघांच्या सामाईक संडासाची आतली कडी तुटली. थोरल्याने सुतार बोलावला, तर धाकटा हुकुमाची प्रत घेऊन जिन्यात उभा.

"दादा, जैसे थे! एक स्क्रू फिरव, की गेलोच मी कोर्टात."

थोरल्याचा वकील फोनवर म्हणाला, "घाबरता कशाला? कडीसाठी वेगळा अर्ज टाकू."



अर्ज अजून तारखा खातोय. रोज सकाळी त्या बिनकडीच्या दाराआड थोरल्याचं गाणं संपतं आणि धाकट्याचं सुरू होतं.