चवळईतला खडा

कर्रर्र.

रविवारचं जेवण रंगलं होतं, म्हणून सगळे गप्प होते. त्यामुळे हिंमतमामांच्या दाताखालचा तो आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मामांनी घास थांबवला. जिभेने खडा पुढे आणून बोटावर घेतला आणि चष्म्यासमोर धरला.

“खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं काढली,” ते म्हणाले, “पण छर्रा तोंडात आज आला.”

अभिनव हसला. त्याच्या बायकोला, तनुजाला हसू आलं नाही. हे तिचे सख्खे मामा. लग्नाआधी ‘हिला चहासुद्धा धड गाळता येत नाही’ असं चारचौघांत सांगणारे. आज बऱ्याच वर्षांनी ते विश्रांतवाडीला तिच्या घरी जेवायला आले होते, आणि आत्ताच त्यांनी चवळईची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

“अहो मामा, आमच्या आईंना आताशा नीट दिसत नाही,” ती बोलून गेली. “पण भाजी निवडायची, धुवायची त्यांनीच. सांगणार कोण?”

वाक्य संपायच्या आत तिचे कान तापले. आजची चवळई तिने धुतली होती. सासूबाई, द्वारकाबाई, भाकऱ्या थापत होत्या, म्हणून तीच म्हणाली होती, मी धुते. त्यांची रीत तिला पाठ होती. पातेलंभर पाण्यात पाला बुडवायचा, माती खाली बसू द्यायची आणि पाला अलगद हातांनी वर उचलायचा. असं तीनदा. तनुजाने एका हातात फोन धरून अख्खं पातेलं चाळणीत ओतलं होतं. तळाची माती पुन्हा पाल्यावर. तेही एकदाच.

द्वारकाबाईंनी मान वर केली. फक्त तनुजाकडे पाहिलं. मग मामांना म्हणाल्या, “खरं हाये, भाऊ. मले दिसत नाही आता. माह्याच हातून राहिला असन.”

“मग उद्यापासून तू नको ते करत बसूस, आई,” अभिनव सहज म्हणाला. “निवडलेली, धुतलेली पाकिटं घरपोच मिळतात. तुलाही आराम.”

“बरं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

वर्ध्याकडचं घर बंद करून त्या दोन वर्षांपूर्वी या सातव्या मजल्यावर आल्या. लिफ्टची भीती, खाली ओळखीचं कुणी नाही. दिवसभरात त्यांची म्हणावी अशी एकच वेळ, दुपारी चारची. शाळेतून आलेली नात मांडीला मांडी लावून बसायची आणि दोघींमध्ये जुडी सुटायची. हे पान कोवळं, हे जून, याच्यावर अळी आधीच जेवून गेली. चार वर्षांची होईपर्यंत पालेभाजी दिसली की ओकारी काढणारी पोर आता अंबाडी, चाकवत, घोळ नावानिशी ओळखायची. लसणाची फोडणी बसली की सगळ्यांच्या आधी ताट घेऊन ओट्याशी हजर. ती सगळी दुपार तनुजाने एका वाक्यात काढून घेतली होती.

अजून बोलता येणार होतं. भाजी मी धुतली, मामा. चारच शब्द. ते ओठांपर्यंत आले. तिने वर घोटभर पाणी घेतलं.

“मामा, भात वाढू?”

“वाढ. बघू, त्यात काय निघतंय.”

सहा वर्षांच्या संस्कृतीचं या कशात लक्ष आहे असं दिसत नव्हतं. आजीला खेटून ती भाकरीशी चवळई खात होती. द्वारकाबाई तिच्या ताटातली भाजी बोटाने पसरून बघत होत्या आणि मगच तिच्यापुढे सरकवत होत्या. मध्येच त्यांनी काहीतरी टिपलं आणि ताटाच्या कडेला पुसलं. संस्कृतीने ते बोटाच्या टोकावर घेतलं. मोहरीच्या दाण्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. उजेडाकडे धरून तिने ते नीट पाहिलं आणि हात टेबलावरून आईपुढे केला.

“आई, आजीला दिसत नाही ना? मग एवढासा खडा तिला कसा दिसला?”