वाएलची पाणपोई

नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत सातव्या नमुन्याच्या बशीत निळे ठिपके उठले, म्हणजे त्या नळात गटार शिरलं होतं. नळ कुठला हे पाहायला तिथं काम करणाऱ्या उम्म वाएलनं, म्हणजे वाएलच्या आईनं, नमुन्यांची वही उघडली. गेलेल्या लेकाच्या नावानं तिनंच घातलेली पाणपोई! “शुक्रवारची सुट्टी होऊ दे, मग पुन्हा तपासू,” साहेब म्हणाले. लाल रंगाचा डबा आणि ब्रश उचलून ती भर उन्हात धावत सुटली. पाणपोईवर रिक्षावाला साखळीचा पेला तोंडाला लावत होता. “उम्म वाएल, घोटाघोटाला तुझ्या लेकासाठी दुआ मागतो बघ!” “फेक ते, मेल्या!” तिनं पेला हिसकावला. “अगं, वाएलचं पाणी ना हे?” “म्हणूनच!” नळ तिनं बंद केला, पण तहानलेला माणूस उघडणारच. पाटीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत लेकाचंच नाव रंगवलेलं होतं. तिनं ब्रश बुडवला आणि त्या नावावरूनच लिहिलं: पिऊ नका.