दुसरी खुर्ची

“माझ्या घरात पाच फोन आहेत. म्हणजे वर्गणी पाचदा भरायची. मग हार्ट अटॅकही पाच येणार का मला?” बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले आणि अख्खं सभागृह हसलं.

टेलिफोन ग्राहकांची सभा होती. गावातल्या तातडीच्या नंबरचा खर्च प्रत्येक फोनच्या बिलातून निघतो. तो फोन जिथं वाजतो त्या खोलीत एका वेळी एकच बाई बसते. दुसरी खुर्ची टाकायची तर वर्गणी वाढवायला हवी होती. महिन्याला एका चहाचे पैसे. तेवढ्यासाठी सगळी दुपार घासाघीस चालली होती.

तिथली ऑपरेटर बाई शेवटच्या रांगेत बसली होती. अध्यक्षांनी तिला आधीच बजावलं होतं, “तुम्ही नुसतं बसायचं. फोनवर ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, नियम माहितीये ना?” माहीत होता. नोकरीला लागल्यापासून तिनं तो घरातसुद्धा मोडला नव्हता.

मग टायरवाला उठला. चौकातल्या पंक्चरच्या दुकानाचा मालक, आडदांड गडी. उठताना मागे खुर्ची पडली, ती त्यानं उचलली नाही.

“मी देणार नाही. एक पैसा देणार नाही. माझी बायको जमिनीवर पडली होती. मी यांना फोन लावला. यांनी काय करावं? होल्डवर टाकलं मला! बायको मरतेय आणि मी होल्डवर. असल्या लोकांना अजून पैसे द्यायचे? मी तिला सांगत होतो, आता येतील गं, आता...”

आवाज फुटला. तो तसाच तोंड उघडं टाकून उभा राहिला.

“बोला, मी ऐकतेय,” मागून आवाज आला.

ऑपरेटर बाई हे ठरवून बोलली नव्हती. रडणारा माणूस मध्येच गप्प झाला की तिच्या तोंडून ते निघतंच, ठेच लागल्यावर ‘आई गं’ निघावं तसं.

टायरवाला वळला. तिच्याकडे बघत राहिला.

“तुम्हीच,” तो म्हणाला. “त्या दिवशी फोनवर तुम्हीच होतात.”

ती उभी राहिली. “हो. मीच.”

“का सोडलंत आम्हाला?”

“तुमच्याकडे गाडी निघाली होती. तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. खोलीत मी एकटी होते.”

“कुणाचा फोन?”

“ते सांगता येत नाही.”

“नवऱ्याचा असेल, भाजी कुठली आणू म्हणून!” कोपऱ्यातून कुणीतरी फेकलं. दोघं-तिघं खिदळले.

त्या फोनवर एक आई होती आणि तिचं रांगतं पोर घशात मणी अडकून निळं पडत चाललं होतं. बाईनं तिला पोर मांडीवर पालथं घ्यायला लावलं, पाठीवर थापा मारायला लावल्या, मणी बाहेर पडेपर्यंत. ते पोर आता घरभर धावतं. त्याची आई सभेला आली नव्हती. एका चहाच्या पैशांसाठी सुट्टीची दुपार कोण वाया घालवतो!

एवढं सांगितलं असतं तर हात वर झाले असते. बाई ओठ मिटून उभी राहिली.

“बसा आता,” अध्यक्ष म्हणाले. “ठरावाच्या बाजूनं कोण?”

चार हात.

“विरोधात?”

मोजायची गरजच पडली नाही. टायरवाल्याचा हात तेवढा कुठल्याच बाजूनं वर नव्हता. तो अजून मागेच बघत होता.

“ठराव नामंजूर,” अध्यक्ष म्हणाले. निवडणूक तोंडावर होती, चेहरा कसा खुलला होता. “बाहेर चहा ठेवलाय, घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही.”

फुकटच्या चहाला झुंबड उडाली.

बाई सगळ्यात शेवटी निघाली. दाराशी टायरवाला उभा होता. आतला राग कुठल्या कुठे गेला होता. मोठी हाडं नुसती शर्टात अडकवल्यासारखा दिसत होता.

“ताई, एक विचारू?”

“विचारा.”

“तुम्ही म्हणालात, एक मिनिट, आलेच. मग मी फाटक उघडायला खाली पळालो. गाडी आत यायला हवी ना. फोन तिच्या कानाशी ठेवला. म्हटलं, बाई येतील लाइनवर, तिला सोबत होईल. मी वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. मधे तुम्ही परत आला असाल. ती काही बोलली का?”

खोटं बोलणं फार सोपं होतं. तुमचं नाव घेतलं, एवढं म्हटलं असतं तरी हा माणूस त्यावर उरलेला जन्म काढू शकला असता. पण याच माणसाला तिनं एकदा ‘आलेच’ म्हटलं होतं.

“मी आले तेव्हा पलीकडे काहीच आवाज नव्हता,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

“मग तोवर तिला काय ऐकू येत होतं?”

“धून असते एक. होल्डची. मशीनच वाजवतं.”

“कशी असते? माझ्याही कानावर पडली असेल, पण मी ओरडत होतो. आठवत नाही.” तो जवळ आला. “थोडीशी गुणगुणून दाखवाल का?”

बाईनं त्याच्याकडे पाहिलं.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “आमच्या बाजूला काहीच वाजत नाही.”