आणखी हळू

“आणखी हळू कर,” ड्रायव्हर म्हणाला.

लेकीने वेगाचा आकडा पन्नासवरून तीसवर आणला. टीव्हीवर रंगीत ठोकळे पुन्हा लांबून पुढे सरकू लागले. एक ठोकळा म्हणजे एक सूर. तो जवळ आला की मांडीवरच्या गिटारची त्याच रंगाची तार दाबायची आणि छेडायची. डावीकडून आला तर गिटारच्या टोकाजवळ दाबायची, उजवीकडून आला तर अंगाकडे. नवशिक्याला डावीकडचे सूर सोपे, उजवीकडचे अवघड.

ड्रायव्हरने अवघड सूर बिनचूक वाजवले. सोपे एकूण एक सोडले.

“बाबा, वेग कमी करून उपयोग नाही,” लेक म्हणाली. “गाणं तेवढ्याच चालीने चालतं, फक्त ठोकळे सावकाश सरकतात. मग ते एकमेकांना चिकटून येतात आणि गोंधळ वाढतो. उलट वेग वाढवला की ते सुटे सुटे दिसतात.”

“वेगामुळेच चुकतंय. तू कमी कर.”

त्याचा आवाज चढला होता. खेळात हरल्याने चिडणारा हा माणूस नव्हता. अठ्ठावीस वर्षं त्याने शहराची बस चालवली होती आणि गाडीला साधा ओरखडा पडू दिला नव्हता. मागच्या आठवड्यात एका वळणावर त्याच्या बसचा एका सायकलला धक्का लागला. सायकलवरच्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तो सक्तीच्या रजेवर होता. दिवसभर खुर्चीत बसायचा आणि मांडीवर बोटं आपटत राहायचा. ती बोटं कुठेतरी गुंतावीत म्हणून लेकीने आपली जुनी गिटार खाली काढली होती आणि हा शिकवणीचा खेळ लावून दिला होता.

टेबलावर डेपोतून आलेला जबाब पडला होता. साहेबांनी तो स्वतः टाइप करून घेतला होता. ‘सायकल डाव्या बाजूने भरधाव आली.’ ड्रायव्हरने फक्त सही करायची होती. उद्या दहा वाजता कागद पोचला की तो सुटला. बाई दवाखान्यातून सांगत होत्या की आपण कडेने सावकाश चाललो होतो, पण त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी नव्हतं. ड्रायव्हरही खोटं बोलत नव्हता. आरशात पाहून, समोर पाहून त्याने बस वळवली होती. रस्ता मोकळा होता. मग एकदम सायकल होती. भरधाव आल्याशिवाय असं कसं होईल?

“वीस कर,” तो म्हणाला.

वीसवर ठोकळे मुंगीच्या पावलांनी येत होते. ड्रायव्हर डोळे ताणून पुढे झुकला होता. कपाळावर घाम आला होता. उजवीकडचे सूर बरोबर वाजले. डावीकडून हिरवा ठोकळा रांगत पुढे आला, कडेवर पोचला, विझला. त्याचं बोट हललंसुद्धा नाही. पाठोपाठ दुसरा विझला. तिसरा.

लेक आता पडद्याकडे नाही, बापाच्या डोळ्यांकडे पाहत होती. तिने खेळ थांबवला. गाणं तुटलं. ठोकळे जागच्या जागी उभे राहिले.

“बाबा, समोर बघा. मान वळवू नका. किती ठोकळे आहेत?”

“हा काय पोरखेळ?”

“सांगा ना. किती?”

“तीन.”

पडद्यावर आठ होते.

लेक उठली. आवाज न करता टीव्हीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिने हात वर केला, बोटं हलवली. ड्रायव्हर समोर पाहत राहिला. क्षणभराने त्याने विचारलं, “कुठे गेलीस?”

तिने हात खाली घेतला नाही.

ड्रायव्हरने सावकाश मान वळवली. आधी एक ठोकळा दिसला. मग दुसरा. मग आणखी तीन. मग हात वर करून उभी असलेली, डोळे भरलेली लेक. त्याने मान पुन्हा सरळ केली आणि लेक गेली. पुन्हा वळवली आणि ती आली. असं त्याने चार वेळा केलं. खोलीत काहीच हलत नव्हतं. वेगावर खापर फोडायला आता वेगच उरला नव्हता.

“कधीपासून?” लेकीने विचारलं.

“मला कसं कळणार? जे दिसतच नाही, ते दिसत नाहीये हे कसं कळणार?”

त्याने गिटार उतरवून भिंतीला टेकवली. मग त्याने टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि पेन मागितलं.

“आज सही नको,” लेक घाईने म्हणाली. “आधी डॉक्टरांकडे जाऊ. मग काय सांगायचं, कसं सांगायचं ते ठरवू. बाबा, नोकरी जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.”

“डॉक्टरांकडे उद्या जाऊ. गाडीला मी आता हात लावत नाही.”

त्याने मान पूर्ण वळवली, कागदाच्या डाव्या कडेपासून ओळ शोधली आणि ती नीट, सरळ रेघ ओढून खोडली. मग कागद आणि पेन लेकीपुढे सरकवलं.

“तुझं अक्षर बरं आहे, तू लिही,” तो म्हणाला. “बाई हळू येत होत्या.”