तळाला बसलेले खडे

बादली वर आली तेव्हा तिच्यातलं पाणी वांग्याच्या सालीसारखं काळंजांभळं होतं.

विहिरीभोवती पन्नासेक माणसं उभी होती. काहींनी काठ्या आणल्या होत्या. पाण्यावर गुरं मात्र कोणीच आणली नव्हती.

उत्तमराव पाटलांनी बादली कंपाउंडर रमाकांतच्या पायाशी ठेवली. "पटकीची दवा म्हणता न साहेब? घ्या मंग. पयले तुम्ही."

चार दिवसांत गावातली अकरा माणसं गेली होती. सरकार विहिरीत जहर टाकून राह्यलं, अशी कुजबुज सकाळपासून होती. हे जहर नाही, हे रमाकांतला ठाऊक होतं. एवढं दाट पाणी घशाखाली गेलं तर घसा भाजून निघेल, हेही त्यालाच ठाऊक होतं. नाही म्हणावं तर काठ्या. आणि उद्यापासून सगळं गाव पुन्हा नाल्याचं पाणी पिणार, जिथे मेलेल्यांची कापडं धुतली होती.

चूक त्याचीच होती. लाल दवेचे, म्हणजे परमँगनेटचे, खडे आधी बादलीत विरघळवायचे, मग विहिरीत सोडायचे, असं त्याला शिकवलेलं. पण येताना वाटेत दोन तिरड्या आडव्या गेल्या, त्याला तिथून निघायची घाई झाली, आणि त्याने काठावरूनच अख्खी पुडी झटकून दिली. गेल्या पावसाळ्यापासून पडून पडून दवेचे बोराएवढे गोळे झाले होते. ते सरळ तळाला गेले. वर पाणी फिकं, खाली शाई.

मॅट्रिकला हे गणित त्याने सोडवलं होतं. एका घनाचे आठ सारखे तुकडे केले तर पृष्ठफळ दुप्पट होतं. पाणी खड्याला बाहेरूनच खातं. बाहेरची अंगं जितकी जास्त, तितका खडा लवकर विरतो. दहापैकी दहा मिळाले होते.

"प्या न," कोणीतरी मागून म्हणालं. "का घरी इचारून येता?"

रमाकांतने बादलीला हात लावला.

"ठेवा ते खाली. कच्चं हाय."

गोजरबाई पुढे आली. विहीर तिच्या शेतातली. सकाळी दवा टाकू दिली तीही तिनेच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मनगटं तेव्हापासून मोकळी. तिने पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातला.

"गोजरबाई, हात जळन तुया," पाटील म्हणाले.

"चुलीनं काय कमी जाळला?" ती तळाशी चाचपत होती. "हे पाहा. गोटे हायेत अजून. लोणच्यात मिठाचा खडा तसाच टाकला तर काय होते पाटील? एक फोड खारट, दुसरी आळणी, आन् शिव्या बाईले."

मागे कोणीतरी हसलं.

तिने गोळे मुठीत चुरले, तळव्यांत चोळले, बादली विहिरीत रिकामी केली. पुन्हा बादलीने विहिरीचा तळ खरवडला, पुन्हा चोळले. सहा वेळा. मग रिकामी बादली ती पाण्यात खालीवर करत राहिली, ताक घुसळावं तशी.

शेवटची बादली वर आली ती फिकी गुलाबी होती.

"आता प्या साहेब."

तळाशी आणखी किती गोळे राहिले असतील, याचा हिशेब त्याला येत नव्हता. त्याने डोळे मिटले आणि ओंजळ तोंडाला लावली. लोखंड चाटल्यासारखी चव. तो थांबला. काही झालं नाही. त्याने दुसरी ओंजळ घेतली.

त्याच्यामागून गोजरबाई प्याली. मग पाटील. बायका घागरी घेऊन पुढे सरकल्या.

तेवढ्यात गोजरबाईची जाऊ मंजुळाबाई तिच्या हातांकडे पाहत राहिली. "अवं बाई," ती हळूच म्हणाली, "हे काय रंगलं?"

गोजरबाईने तळवे उघडले. दोन्ही गडद तपकिरी झाले होते, नव्या नवरीच्या मेंदीसारखे. तिने ते लुगड्याला पुसले. पुन्हा पुसले. दोघी-तिघी बायका तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहत होत्या, मग तळव्यांकडे, मग एकमेकींकडे.

"साहेब," ती रमाकांतच्या जवळ येऊन म्हणाली, "हे निघते न धुतल्यावर?"

"नाही हो. आपोआप जाईल. आठेक दिवस लागतील."

"आठ," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज कापला.

मग तिने मंजुळाबाईच्या हातातून दोर घेतला आणि दोन्ही मुठी आवळून बादली ओढायला लागली. एक घागर भरली, दुसरी भरली. कोणी "आता आम्ही ओढतो" म्हणालं, तर तिने मान हलवली. दिवस कलेपर्यंत सगळ्या गावाचं पाणी तिनेच भरलं. दोर एकदाही हातातून सोडला नाही.